गेरूतले चुंबकत्व: भेसळ की नियम?

गेरू आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. तुळशीवृंदावनाला, कुंड्यांना, भिंतीच्या खालच्या पट्ट्याला लावायची ती तांबडी माती. तिला तांबडा रंग येतो हेमॅटाइट या खनिजामुळे. हेमॅटाइट म्हणजे लोहाचे एक ऑक्साइड. लोहाचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन, असे त्याचे सूत्र. गोव्यातल्या, सिंधुदुर्गातल्या रेडीच्या किंवा गडचिरोलीतल्या सूरजागडच्या खाणींतून जे लोहखनिज निघते त्यातही प्रामुख्याने हेमॅटाइटच असते. शुद्ध हेमॅटाइटमध्ये वजनाने सुमारे सत्तर टक्के लोखंड असते.

आता एक साधा प्रयोग करून पाहू या. जुन्या स्पीकरमधला चुंबक पातळ कागदात गुंडाळा आणि गेरूच्या पुडीत फिरवा. लोखंडाचा कीस असता तर तो उड्या मारत चुंबकाला चिकटला असता. गेरू जवळजवळ ढिम्म राहतो. काही बारीक कण मात्र कागदाला चिकटतात. एखादा विद्यार्थी विचारतो, ‘‘सर, इतके लोखंड आहे, मग गेरू चिकटत का नाही? आणि चिकटत नाही, तर हे चार कण का चिकटले?’’ दुसऱ्या प्रश्नाला आपले ठरलेले उत्तर असते: ‘‘काहीतरी भेसळ असेल.’’

बाजारातल्या गेरूपुरते हे उत्तर बहुधा बरोबरही असते. परंतु अगदी शुद्ध हेमॅटाइटचा स्फटिक घेतला तरी थोडेसे चुंबकत्व उरतेच. ते का उरते, या प्रश्नाने भौतिकशास्त्रज्ञांना बरीच वर्षे सतावले. त्यांनीही आधी भेसळीवरच बोट ठेवले होते. खरे उत्तर १९५७–५८ च्या सुमारास मिळाले आणि त्यातून चुंबकत्वाचे एक नवे प्रकरण उघडले. त्या उत्तराची ही ओळख.

उलट तोंडाच्या रांगा

पहिला प्रश्न आधी घेऊ. अणूतील प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक चिमुकला चुंबक असतो. त्याच्या या गुणधर्माला स्पिन म्हणतात. बहुतेक इलेक्ट्रॉन जोडीने राहतात आणि जोडीतले दोघे एकमेकांचे चुंबकत्व रद्द करतात. हेमॅटाइटमधील प्रत्येक लोह-आयनात मात्र पाच इलेक्ट्रॉन बिनजोडीचे असतात. पाचांचे स्पिन एकाच दिशेने असल्यामुळे तो आयन चांगला बळकट चुंबक ठरतो.

असे शेजारशेजारचे चुंबक कोणत्या दिशेला तोंड करतात, यावर सारे अवलंबून असते. लोखंडात सगळे एकाच दिशेला तोंड करतात, ते लोहचुंबकत्व. हेमॅटाइटमध्ये लोह-आयनांचे थर एकावर एक रचलेले असतात. एका थरातील सर्व स्पिन एका दिशेला, तर त्याच्या वरच्या थरातील सर्व स्पिन नेमके विरुद्ध दिशेला. मैदानावर कवायतीला मुलांची एक रांग पूर्वेकडे तोंड करून, दुसरी पश्चिमेकडे, तिसरी पुन्हा पूर्वेकडे उभी करावी, तसे. याला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. दोन थरांमधल्या ऑक्सिजनच्या मध्यस्थीने शेजाऱ्यांवर ही उलट तोंडाची सक्ती होते. या परस्परक्रियेला विनिमय परस्परक्रिया असे नाव आहे.

ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नील यांनी १९३० च्या दशकात मांडली. त्याबद्दल त्यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले. हेमॅटाइटमधली ही थरांची मांडणी प्रत्यक्ष दिसली ती १९५१ साली. अमेरिकेत क्लिफर्ड शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकावर न्यूट्रॉनांचा झोत सोडला. न्यूट्रॉन स्वतःच एक बारीक चुंबक असल्यामुळे तो स्पिनांची मांडणी ‘पाहू’ शकतो.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: गेरूत चुंबक भरपूर आहेत, पण त्यांनी एकमेकांना रद्द केले आहे. बेरीज शून्य.

शून्यात उरलेले काहीतरी

पण मोजल्यावर बेरीज शून्य येत नाही. एक ग्रॅम हेमॅटाइटमधले सगळे स्पिन एकाच दिशेने वळवता आले असते तर जेवढे चुंबकत्व मिळाले असते, त्याच्या सुमारे एक-नऊशेव्या भागाइतके चुंबकत्व उरते. मॅग्नेटाइट या लोहाच्या दुसऱ्या, चांगल्या चुंबकीय ऑक्साइडशी तुलना केली तर ते साधारण सव्वादोनशेव्या भागाइतके भरते.

दुसरे गणित नीट पाहा. हेमॅटाइटमध्ये वजनाने अर्ध्या टक्क्याहूनही कमी मॅग्नेटाइट मिसळले तर नेमके एवढेच चुंबकत्व दिसेल. खनिजात इतकी भेसळ असणे मुळीच अवघड नाही. म्हणून नील यांच्यासह अनेकांना वाटले की हे चुंबकत्व परोपजीवी आहे. बांडगूळ झाडावर दिसते, पण ते झाडाचे नसते, तसे. काहींनी स्फटिकातल्या दोषांकडे बोट दाखवले. काहींनी स्पिनांच्या वेगवेगळ्या प्रदेशांमधील सीमारेषांना जबाबदार धरले. यातली कोणतीच शंका मूर्खपणाची नव्हती.

मात्र काही निरीक्षणे या शंकांत बसत नव्हती.

पहिले निरीक्षण तापमानाचे. मॅग्नेटाइट तापवले की सुमारे ५८० अंश सेल्सिअसला त्याचे चुंबकत्व संपते. हेमॅटाइटमधले हे क्षीण चुंबकत्व त्यापुढेही टिकते आणि सुमारे ६८० अंशांना नाहीसे होते. नेमक्या याच तापमानाला थरांची उलटसुलट शिस्तही मोडते. भेसळीला यजमानाच्या शिस्तीशी काय देणेघेणे?

दुसरे निरीक्षण दिशेचे. हे चुंबकत्व थरांच्या पातळीतच सापडते. थरांना लंब दिशेने ते नसते. इकडेतिकडे विखुरलेली भेसळ अशी दिशा पाळणार नाही.

तिसरे सर्वांत विलक्षण. १९५० साली मोरिन या शास्त्रज्ञाने दाखवले की हेमॅटाइट थंड करत नेला की सुमारे उणे १३ अंश सेल्सिअसला त्याचे चुंबकीय गुणधर्म एकदम बदलतात. खोलीच्या तापमानाला स्पिन थरांच्या पातळीत आडवे असतात. उणे १३ अंशांखाली ते उभे राहतात, म्हणजे थरांना लंब होतात. थरांची उलटसुलट शिस्त कायम राहते, पण क्षीण चुंबकत्व जवळजवळ नाहीसे होते. स्फटिक पुन्हा गरम केला की ते परत येते. घरातल्या डीप फ्रीझरचे तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असते. म्हणजे शुद्ध, मोठा स्फटिक फ्रीझरमध्ये ठेवला तरी हा बदल घडतो. भेसळ फ्रीझरमध्ये जाते आणि बाहेर काढल्यावर परत येते, असे म्हणता येणार नाही!

याच सुमारास, १९५६ साली, मॉस्कोमध्ये बोरोविक-रोमानोव्ह आणि ओर्लोव्हा यांना मँगॅनीज व कोबाल्ट यांच्या कार्बोनेटांतही असेच क्षीण चुंबकत्व आढळले. रासायनिक दृष्ट्या हे पदार्थ वेगळे, पण त्यांच्या स्फटिकाची सममिती हेमॅटाइटसारखीच. धागा रसायनात नव्हता, रचनेत होता.

सममितीचा निवाडा

हा धागा इगोर झालोशिन्स्की या पंचविशीतल्या रशियन शास्त्रज्ञाने ओढला. बल कोणते आणि किती, हे त्याने आधी विचारलेच नाही. त्याने विचारले: दोन थरांतले स्पिन नेमके विरुद्ध न राहता किंचित एका बाजूला कलले, तर स्फटिकाची सममिती त्याला हरकत घेते का?

आधी उभ्या स्पिनांचा, म्हणजे थंड हेमॅटाइटचा विचार करू. हा स्फटिक उभ्या अक्षाभोवती १२० अंशांनी फिरवला तर तो होता तसाच दिसतो. आता उभे स्पिन किंचित कलून आडवे चुंबकत्व निर्माण करायचे म्हटले, तर कोणत्या बाजूला? १२० अंशांवरच्या तिन्ही बाजू सारख्याच. एकीची निवड करायला काही कारण नाही, म्हणून आडवी शिल्लक नाही. मग उभी शिल्लक उरेल का? स्फटिकाला एका आडव्या अक्षाभोवती अर्धा फेरा दिला की वर तोंड असलेले स्पिन खाली तोंड करतात, पण त्याच वेळी ते दुसऱ्या गटाच्या जागी जातात. परिणामी मांडणी जशीच्या तशी राहते. उभी शिल्लक असती तर ती मात्र उलटी झाली असती. जी गोष्ट उलटी केली तरी तीच राहते ती शून्यच असणार.

आता खोलीच्या तापमानाला या. स्पिन आडवे आहेत, म्हणजे त्यांनी पातळीतली एक दिशा आधीच निवडली आहे. तिन्ही बाजूंची समानता इथे आधीच मोडली आहे. अशा वेळी स्पिन त्याच पातळीत आणखी किंचित कलले तर नवी कोणतीही सममिती मोडत नाही. हरकत घेणारे कोणी उरलेलेच नाही. आणि निसर्गात ज्याला सममितीची मनाई नसते ते सहसा घडते, थोडे का होईना.

या तर्काची कसोटी घ्यायला क्रोमियम ऑक्साइड उपयोगी पडते. हिरवे रंगद्रव्य म्हणून वापरतात ते हेच. त्याची स्फटिकरचना हेमॅटाइटसारखीच. तेही प्रतिलोहचुंबक आहे. तरी त्यात हे क्षीण चुंबकत्व नाही. फरक फक्त स्पिनांच्या क्रमात आहे. उभ्या रांगेत लागोपाठ येणारे चार आयन घेतले, तर हेमॅटाइटमध्ये क्रम असतो सरळ-उलटा-उलटा-सरळ. (या रांगेवर दर तिसऱ्या थरातली जागा रिकामी असते, म्हणून मधले दोघे सारखे दिसतात.) क्रोमियम ऑक्साइडमध्ये क्रम असतो सरळ-उलटा-सरळ-उलटा.

या चौघांच्या मध्यबिंदूतून सारे काही आरपार उलटे केले, म्हणजे प्रत्येक आयन मध्यबिंदूच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर नेला, तर स्फटिक तसाच राहतो. स्पिनाचे काय होते? स्पिन हे फिरण्यासारखे असते. फिरत्या चाकाच्या प्रत्येक कणाचे स्थानही उलटले आणि वेगही उलटला, तर फिरण्याची दिशा तीच राहते. म्हणून स्पिन उलटत नाही, फक्त जागा बदलतो. हेमॅटाइटमध्ये सरळच्या जागी सरळ येतो, उलट्याच्या जागी उलटा, सारे बिनतक्रार. क्रोमियम ऑक्साइडमध्ये सरळच्या जागी उलटा येतो. थरांचा क्रम पालटतो, पण कलातून येणारी शिल्लक पालटत नाही. तेव्हा या क्रमाला ‘डावीकडे कल’ म्हणावे, तर पालटलेल्या क्रमालाही तेच म्हणावे लागते. म्हणजे क्रमाचा कलाशी काही संबंधच राहत नाही आणि कल शून्य होतो.

झालोशिन्स्कीने पुढे १९५९ साली क्रोमियम ऑक्साइडबद्दल वेगळेच भाकीत केले: त्याला विद्युत क्षेत्रात ठेवले तर त्यात चुंबकत्व येईल. १९६० साली आस्ट्रोव्ह यांनी प्रयोगाने ते खरे ठरवले. सममिती एक दार बंद करते तेव्हा दुसरे कोणते उघडे आहे, हेही तीच सांगते.

कल किती आणि का?

सममिती ‘घडू शकते’ एवढेच सांगते. प्रत्यक्ष कोण ढकलते, हे १९६० साली तोरू मोरिया या जपानी शास्त्रज्ञाने दाखवून दिले. इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतो, तेव्हा त्याच्या कक्षीय गतीचा आणि स्पिनाचा एकमेकांशी संबंध येतो. त्यातून शेजारच्या दोन स्पिनांमध्ये एक दुय्यम परस्परक्रिया निर्माण होते. तिला आज दोघांच्या नावाने ओळखतात. नेहमीची विनिमय परस्परक्रिया स्पिनांना सांगते, ‘१८० अंशांत राहा.’ ही दुय्यम परस्परक्रिया सांगते, ‘९० अंशांत राहा.’ ती फार दुबळी असते. मग ती बलवान सासूपुढे चालावी कशी?

इथे एक सुंदर गणित आहे आणि ते दहावीच्या वर्गात करता येते. १८० अंशांपासून ढळण्याची शिक्षा कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुय्यम परस्परक्रियेचे बक्षीस मात्र कोनाच्याच प्रमाणात वाढते. समजा, कोन ‘क्ष’ असेल तर शिक्षा १०० क्ष² आणि बक्षीस फक्त क्ष. आता क्ष ०.१ घ्या: शिक्षा १, बक्षीस ०.१, सरळ तोटा. क्ष ०.०१ घ्या: दोन्ही ०.०१, बरोबरी. क्ष ०.००५ घ्या: शिक्षा ०.००२५, बक्षीस ०.००५, निव्वळ फायदा! वर्गाची संख्या लहान कोनाला फारच लहान होते. त्यामुळे बक्षीस कितीही तुटपुंजे असो, थोडेसे कलणे नेहमीच फायद्याचे ठरते. स्पिन नेमके १८० अंशांत राहणे हीच अपवादाची स्थिती होय.

हेमॅटाइटमध्ये प्रत्येक स्पिनाचा कल सुमारे ०.०६५ अंश असतो. एक मीटर लांबीच्या दोन काठ्या जमिनीवर एका सरळ रेषेत, विरुद्ध दिशांना ठेवा आणि प्रत्येकीचे टोक एकाच बाजूला जेमतेम एक मिलिमीटर सरकवा, कल तेवढाच. त्या एका मिलिमीटरातून वर सांगितलेला एक-नऊशेवा भाग येतो. मुलांनी त्रिकोणमितीने पडताळून पाहावे: ०.०६५ अंशाची ज्या (साइन) सुमारे ०.००११ येते.

मोरियाने एक सोपा नियमही दिला. दोन आयनांचा मध्यबिंदू जर सममितीचे केंद्र असेल, म्हणजे त्याच्यातून दोघांची अदलाबदल केली तरी सारे तसेच राहत असेल, तर त्या जोडीत ही परस्परक्रिया नसते. कारण तिला ‘पहिला कोण, दुसरा कोण’ हे विचारावे लागते आणि अशा जोडीत ते ठरवताच येत नाही.

ताम्र आणि इरिडियमचे थर

हा नियम उत्तम रीतीने दिसतो तो थरांच्या ऑक्साइडांत. लँथॅनम, तांबे आणि ऑक्सिजन यांचे एक ऑक्साइड आहे. बेडनॉर्ट्स आणि म्युलर यांनी १९८६ साली शोधलेल्या अतिसंवाहकांचा हा मूळ पदार्थ. त्यात तांबे व ऑक्सिजन यांच्या पातळ्या एकमेकींपासून दूर, थराथरांनी असतात. प्रत्येक ताम्र-आयनाचा एकच इलेक्ट्रॉन बिनजोडीचा असतो आणि शेजाऱ्यांचे स्पिन विरुद्ध असतात.

तांबे-ऑक्सिजन-तांबे ही साखळी अगदी सरळ असेल तर मधला ऑक्सिजन सममितीच्या केंद्रावर बसतो आणि मोरियाच्या नियमाप्रमाणे कल शून्य होतो. पण सुमारे ५३० केल्विनखाली या पदार्थातले ऑक्सिजनचे अष्टफलक काही अंशांनी झुकतात आणि मधला ऑक्सिजन पातळीच्या किंचित वर किंवा खाली सरकतो. सममितीचे केंद्र गेले की कल येतो: पातळीबाहेर सुमारे ०.१७ अंश.

तरीही साध्या मोजणीत हे चुंबकत्व दिसत नाही. एका थराचा कल वर असेल तर पुढच्या थराचा खाली असतो आणि थर एकमेकांना रद्द करतात. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या स्फटिकावर काही टेस्लांचे, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या लाखपटींच्या घरातले चुंबकीय क्षेत्र लावले गेले. तेव्हा एकाआड एक थर उलटले आणि दडलेले चुंबकत्व एकदम उडी मारून वर आले.

कक्षा आणि स्पिन यांचा संबंध जड केंद्रकाजवळ अधिक बळकट असतो. म्हणून तांब्याऐवजी इरिडियम घेतले तर कलही मोठा हवा. स्ट्राँशियम व इरिडियम यांच्या अशाच थरांच्या ऑक्साइडात तसे आढळते. तिथे अष्टफलक सुमारे ११ अंशांनी वळलेले असतात आणि स्पिनही जवळजवळ तेवढेच कलतात. सुमारे २४० केल्विनखाली, साधारण ०.२ टेस्लाच्या क्षेत्रातच हे थर एका बाजूला वळतात.

खडकांची स्मृती

आता पुन्हा आपल्या तांबड्या खनिजाकडे. त्याचे चुंबकत्व क्षीण असले तरी चिवट असते. एकदा बसलेली दिशा ते सहजी सोडत नाही. विंध्य पर्वतातल्या तांबड्या वालुकाश्मासारख्या खडकांत हेमॅटाइटने पृथ्वीच्या प्राचीन चुंबकीय क्षेत्राची दिशा कोट्यवधी वर्षे जपून ठेवली आहे. (आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये हे काम मुख्यत्वे मॅग्नेटाइटच्या जातीची खनिजे करतात.) अशा नोंदींवरून भूखंडांचा प्रवास उलगडतो. म्हणजे एका मिलिमीटराच्या कलाने पृथ्वीच्या इतिहासाची पाने लिहून ठेवली आहेत. २०१८ साली हेमॅटाइटच्या स्फटिकातून स्पिनाचा संदेश कित्येक मायक्रोमीटर अंतरावर पोचवता येतो, हेही दाखवले गेले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. उणे १३ अंशांखालीही पुष्कळ नमुन्यांत चुंबकत्वाचा थोडा अंश उरतो आणि तो खरोखरच दोष व अशुद्धी यांच्यामुळे असतो. जुनी शंका अगदीच खोटी नव्हती. ती सगळ्याला लागू करणे चुकीचे होते.

प्रयोगशाळेत मुलांचे उत्तर थोडे चुकले की आपण सहज म्हणतो, ‘‘उपकरणाचा दोष आहे, जुळवून घ्या.’’ बहुतेक वेळा दोष उपकरणाचाच असतो. पण तो दोष असेल तर तो कसा वागेल, हे मुलांना विचारायला हरकत नाही. तापमान बदलल्यावर तो तसाच राहील का? दिशा बदलल्यावर? नमुना बदलल्यावर? हेमॅटाइटच्या बाबतीत हेच तीन प्रश्न विचारले गेले, म्हणून भेसळीच्या खात्यावर टाकलेली रक्कम नियमाच्या खात्यावर जमा झाली.

तेव्हा पुढच्या वेळी गेरूचे चार कण चुंबकाला चिकटले, तर ‘भेसळ असेल’ असे जरूर म्हणू या. मात्र त्यानंतर पूर्णविरामाऐवजी प्रश्नचिन्ह देऊ या.